सोप्या पोथीच्या उरलेल्या प्रती

मी, विश्वंभर त्र्यंबक चौबळ, वय वर्षे ७९, सेवानिवृत्त माध्यमिक शिक्षक, राहणार आगरदांडा, तालुका मुरुड, जिल्हा रायगड, माझ्या मागे कोणाला काय मिळावे आणि कोणी काय करू नये, ते या कागदावर माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. गुडघे गेले आहेत, पण कायदा गुडघ्यांविषयी विचारत नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणी गोड बोलून हे लिहून घेतलेले नाही. दाब आहे तो कलम सहामधल्या गोष्टीचा. २०११ साली मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्या वेळी मी स्वतःवर फार खूश होतो आणि ते त्यात ओळीओळीत दिसते.

कलम १. घर आणि वाडी. धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचे राहते घर व मागची बावीस गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी मला माझ्या वडिलांकडून मिळाली. कलम आठमधली जागा वगळून ती माझा मुलगा सुयश आणि मुलगी भार्गवी यांना निम्मी निम्मी मिळावी. २०२०च्या वादळात अर्धी सुपारी आडवी झाली, ती मी पुन्हा लावलेली नाही. सुपारी धरायला पाच-सहा वर्षे जातात, आणि तेवढा हिशेब मला करता येतो. सुयशला इथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत, हे त्याने मला सांगितलेले नाही, पण गेल्या दिवाळीत तो वाडीत पावलांनी अंतर मोजत होता. खुशाल बांधाव्यात. विहीर मात्र बुजवू नये. चैत्रात कोळीवाड्यातल्या बायका तिथे पाण्याला येतात, त्यांना येऊ द्यावे.

कलम २. बँकेतील ठेवी दोघांना सारख्या. आकडे पासबुकात आहेत, इथे लिहून काही वाढणार नाहीत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भार्गवीने करावी. ती अलिबागला बँकेत आहे आणि कागदाला घाबरत नाही.

कलम ३. किरकोळ. माझे तिन्ही शब्दकोश नात इरा हिला. ती ते उघडणार नाही, पण मुलीच्या घरात शब्दकोश असावा असे मला वाटते. अडकित्ता आणि सुपारी उतरवायचा सगळा दोर बुधाजीला, ज्याने तीस वर्षे माझ्या झाडांवर चढून सुपारी उतरवली आणि मी खालून सूचना दिल्या. अनुसूयेच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, साड्या भार्गवीने आधीच नेल्या आहेत. पितळी दिवा घरातच राहावा.

कलम ४. मठ. सुधागडच्या बाजूला डोंगराखाली आमच्या घराण्याचा मठ आहे. तिथे नव्या माणसाला आधी एक लहान पोथी देतात. तिला सगळे नुसते पहिली पोथी म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीच्या महाराजांची प्रवचने तिच्यात उतरवली आहेत. देव म्हणजे काय, मन कसे आवरावे, दुःखाचे काय करावे, अशा सुरुवातीच्या गोष्टी. पण भाषा अशी की सुरुवातीचा माणूस सुरुवातीलाच परत फिरतो. माझी आई ती रोज वाचायची. तिला त्यातले काय समजते, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली होती की समजायचे कशाला, वाचायचे. ते मला पटले नाही. आयुष्यभर वर्गात उभा राहून मी मुलांना अवघड गोष्टी सोप्या करून सांगितल्या, तर ही का करू नये?

मी सोपी केलेली पोथी मठाकडे पाठवली. व्यवस्थापकांनी चौदा महिन्यांनी परत केली. सोबत एका ओळीचे पत्र होते, की पायरी काढून टाकली म्हणजे देऊळ जवळ येत नाही. ते पत्र कपाटात वरच्या खणात आहे. ते वाचून मी आठ दिवस जेवताना चिडचिड केली आणि नंतर हट्टाने माणगावच्या छापखान्यात स्वतःच्या खर्चाने पाचशे प्रती छापल्या. त्या गृहस्थांना मी नंतर कधी नमस्कार केला नाही, समोरासमोर आलो तेव्हाही नाही. ते वारले. आईची मूळ पोथी मठाला परत द्यावी आणि तो राहिलेला नमस्कारही भार्गवीने माझ्या वतीने तिथे करावा.

कलम ५. सोपी पोथी कशी झाली. हे लिहिले नाही तर पुढचे कळणार नाही.

अनुसूया २००७ साली गेली. घर इतके गप्प झाले की मी रेडिओशी वाद घालू लागलो. नलू, सदा कोळ्याची बायको, आमच्याकडे मासळी घालायची. आम्ही कायस्थ, पोथीही वाचतो आणि निवटेही खातो, त्यामुळे तिचा आणि माझा संबंध रोजचा. एके दिवशी ती मागच्या ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती आणि मी पोथीतले एक वाक्य मोठ्याने सोपे करून पाहत होतो. मी सहज विचारले, कळले का. ती म्हणाली, व्हय मास्तर. मी मूळ वाक्य वाचले. ती हसली. तिथून माझे काम सुरू झाले.

अकरा वर्षे, आठवड्यातून तीन-चार दिवस, मी ओट्याच्या दारात खुर्ची टाकून वाचायचो आणि नलू मासे साफ करायची. माझा नियम ठरलेला होता. एका वाक्यात सातपेक्षा जास्त शब्द नकोत. जोडाक्षरांचा शब्द शक्यतो नको. आणि नलू व्हय म्हणेपर्यंत वाक्य पक्के नाही. कधी ती थांबायची, सुरी हातात तशीच. मग मी वाक्य आणखी कापायचो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी छापले आहे, ‘सामान्य वाचकांसाठी’. माझ्या डोळ्यांपुढे सामान्य वाचक म्हणजे ती एकटी होती.

कलम ६. चूक.

ऑक्टोबर २०१९मध्ये सदाची होडी खाडीच्या तोंडाबाहेर उलटली. तिघांपैकी दोघे हाती लागले, सदा लागला नाही. आपल्याकडे रीत आहे की माणूस सापडेपर्यंत कोळीवाड्यातली कोणतीही होडी मासेमारीला जात नाही, सगळ्या शोधायला जातात. माघारी बोलवायचे ते घरच्यांनीच. घरचे थांबा म्हणत नाहीत तोवर कोणी थांबत नाही. सात होड्या दोन दिवस शोधत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी नलू धक्क्यावर आली आणि तिने होड्या मागे बोलवायला सांगितल्या. मी तिथे होतो. ती सगळ्यांसमोर म्हणाली, “मास्तरांच्या पोथीत हाय. गेलं ते आपलं नव्हतं. ज्याचं त्याला परत द्या.”

होड्या परत आल्या. पाचव्या दिवशी सदा श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागला. त्याने स्वतःला एका प्लास्टिकच्या पिंपाला दोराने बांधून घेतले होते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले की मरून दीड दिवसापेक्षा जास्त झालेला नाही. म्हणजे होड्या फिरल्या तेव्हा तो जिवंत होता. त्यानंतरही एक दिवस जिवंत होता.

त्या दुपारी धक्क्यावर मला काय वाटले, ते आता लिहितो, कारण ते लिहिण्यासाठीच हा कागद आहे. मला अभिमान वाटला. शाळेची पायरी न चढलेल्या बाईपर्यंत पोथी पोहोचली, असे मला वाटले. डॉक्टरांचे बोलणे ऐकल्यानंतरही मी मठाला पत्र लिहून हा प्रसंग कळवला, दीड दिवसाचा उल्लेख गाळून.

या वर्षी गणपतीत सुयश आला होता. त्याने माझ्या आईच्या पोथीच्या एका पानाचा फोनने फोटो काढला आणि म्हणाला की बाबा, तुम्ही अकरा वर्षे जे केलेत ते आता आठ सेकंदांत होते. तो चिडवत होता, वाईट हेतू नव्हता. फोनने सोपे करून दिलेले मी वाचले. तिसरीच ओळ अशी होती: आधी जमेल तेवढे सगळे प्रयत्न करा. ही ओळ माझ्या पुस्तकात नाही. मी मूळ पोथी काढली. मूळ वाक्य असे आहे: “पराकाष्ठेचे यत्न सरल्यावाचून जो सोडितो तो त्यागी नव्हे, आळशी होय, यत्न सरल्यावरही जे हाती लागले नाही, ते आपले नव्हतेच असे जाणून, शोक न करिता, ज्याचे त्यास परत करावे.” मी या वाक्याचा शेवटचा अर्धा भाग ठेवला होता. पहिला लांब होता, अवघड होता. नलू तिथे थांबली असेल, म्हणून मी कापला असेन. मला आठवत नाही. वहीत त्या पानावर नुसती लाल रेघ आहे.

यंत्राने ते वाक्य ठेवले आणि मी टाकले. मी सुयशला काही बोललो नाही. त्या दिवशी मोदक खाल्ले नाहीत, तेव्हा त्याला वाटले साखर वाढली असेल.

कलम ७. उरलेल्या प्रती. माळ्यावर दोनशे सत्तरच्या आसपास प्रती आहेत. वादळात पत्रे उडाले तेव्हा बऱ्याच भिजून गेल्या, त्या मोजू नयेत. उरलेल्या सगळ्या खाडीवर नेऊन जाळाव्यात. गावात ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून मागून आणाव्यात. कोणी कारण विचारले तर छपाईत दोष होता असे सांगू नये. लिहिणाऱ्यात दोष होता असे सांगावे.

कलम ८. नलू. वाडीच्या खाडीकडच्या कडेला दोन गुंठे मोकळी जागा आहे, तिथे नलू वर्षानुवर्षे मासे सुकवते. ती जागा नलू सदा कोळी हिला मालकी हक्काने मिळावी, तिच्या पश्चात तिची मुलगी हेतल हिला. सुयशने हरकत घेऊ नये. ही भेट नाही, हे प्रायश्चित्त आहे, आणि प्रायश्चित्ताला दोन गुंठे फार होत नाहीत.

कलम ९. माझे दिवस झाल्यावर भार्गवीने नलूला घरी बोलावून, दार लावून, पुढील मजकूर वाचून दाखवावा. तिला अक्षरे येत नाहीत म्हणून तो तिला समजेल असा लिहिला आहे.

नलू, मी एक वाक्य अर्धे कापले होते. त्यात लिहिले होते, आधी सगळे करा. मगच सोडा. ते मी तुला सांगितलेच नाही. सदा तेव्हा जिवंत होता. तू चुकली नाहीस. चुकलो मी.

येथवरचा मजकूर रविवार, ९ नोव्हेंबर २०२५ रोजी लिहून पुरा केला.

पुरवणी. रविवार, २३ नोव्हेंबर २०२५.

नोंदणीसाठी मुरुडला जायचे ठरले होते. त्या आधीच्या आठवड्यात कलम नऊ पुन्हा वाचले आणि माझी मलाच किळस आली. सहा वर्षे मला कळले नव्हते, ते एक असो. पण आता कळल्यावर मी मेल्यानंतर माझ्या मुलीच्या तोंडून ते सांगवायचे आणि नलूच्या तोंडाकडे स्वतः बघायचे नाही, ही शिक्षकाची रीत नव्हे. काल सकाळी ती मासळी घेऊन आली तेव्हा मी तिला बसवले आणि तो मजकूर वाचून दाखवला. मूळ वाक्यही वाचले, मग त्याचा अर्थ सांगितला, आणि कलम आठमधल्या जागेचेही सांगितले.

मला वाटले ती रडेल, किंवा उठून जाईल, आणि दोन्हीची मी तयारी केली होती. तिने हातातला मासा खाली ठेवला.

“मास्तर, पोथी ऐकून न्हाय बोलवल्या होड्या,” ती म्हणाली. “वारा फिरला व्हता. सात होड्या, तीस मानसं पान्यात. त्यांच्या बायका माझ्या बाजूला हुब्या. एकपन बोलली न्हाय, का आता पुरे. बोलली असती तं मी तिला शिव्या दिल्या असत्या. कोन बोललं न्हाय, म्हनून मीच बोलवल्या.”

मी विचारले, मग पोथीचे नाव कशाला घेतलेस. ती म्हणाली की बाई रडून काहीतरी बोलते आहे असे म्हणून पुरुष पुन्हा पाण्यात गेले असते. मास्तरांच्या पोथीत आहे म्हटल्यावर गप वळले.

सदा गेला असेल असे तुला तेव्हा वाटले होते का, हे मला विचारायचे नव्हते. विचारले गेले.

“न्हाय,” नलू म्हणाली. “सदा पव्हनारा मानूस. दोन दिसांत जानारा न्हाय, ते मना ठावं व्हतं.”

तिला माहीत होते. तो कुठेतरी पिंपाला धरून तरंगत असेल, हे तिला माहीत होते, आणि तीस घरांसाठी तिने त्याला सोडले, आणि सहा वर्षे ती माझ्याकडे बांगडे देऊन सुटे पैसे परत घेत आली. माझ्या वाक्याने तिला फसवले नव्हते. क्षणभर मला हायसे वाटले. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटले. आणि त्याच क्षणी मी आणखी एक प्रश्न विचारला, तो विचारला नसता तर बरे झाले असते. मी म्हणालो, मग ते वाक्य तुला तेव्हा कसे समजले होते, तू व्हय म्हणाली होतीस.

ती इकडेतिकडे बघू लागली. वर्गात उत्तर न येणारी मुले बघतात तशी. मग म्हणाली की अनुसूयावयनींनी जायच्या आधी तिला जवळ बोलावून सांगितले होते, मास्तर एकटे पडतील, मासळी घालायला जाशील तेव्हा थोडा वेळ बसत जा, ते काय बोलतील त्याला हो म्हण. ती बसली. “मना तुमचा कायच कलत नव्हता, मास्तर,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुम्ही इचारायचाव, कललं का. मी व्हय बोलायची. तुमाला बरा वाटायचा.”

अकरा वर्षे. शब्दकोश, वह्या, लाल रेघा, एका वाक्यात सात शब्द. ती कधी थांबायची तेव्हा सुरीची धार गेलेली असायची, हेही तिने सांगितले. मी विचारले म्हणून सांगितले. तिला वाईट वाटत होते आणि ती मला समजावत होती की तुमचा आवाज चांगला आहे, ऐकायला बरे वाटते.

जाताना ती म्हणाली की जागेचे मात्र कागदावर राहू द्या, जागेचा काय दोष. म्हणून राहू देतो.

वरील कारणास्तव पुढीलप्रमाणे बदल करत आहे.

कलम ८ कायम. फक्त ‘प्रायश्चित्त’ हा शब्द काढावा. जे तिने केले त्याच्यापुढे माझे प्रायश्चित्त म्हणजे उगीच मध्ये तोंड घालणे आहे. तिथे ‘शेजारी म्हणून’ असे वाचावे.

कलम ९ रद्द. ज्याला सांगायचे त्याला सांगून झाले.

कलम ७ रद्द. प्रती जाळू नयेत. ती पोथी निदान एकदा, एका दुपारी, धक्क्यावर उपयोगी पडली, आणि कशी पडली हे मला कधीच सुचले नसते. ज्या कोणाला न्यायच्या असतील त्याने न्याव्यात. सुयशने हवे तर त्याच्या खोल्यांतून ठेवाव्यात. मात्र देण्याआधी प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावरचे ‘सामान्य वाचकांसाठी’ हे दोन शब्द शाईने खोडावेत. मी कालपासून बसलो आहे, चाळीस झाल्या. जेवढ्या राहतील तेवढ्या भार्गवीने पुऱ्या कराव्यात. त्या कोणासाठी आहेत हे मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते छापलेले असू नये.

माझ्यामागे कोणतेही वाचन ठेवू नये. आईची पोथीही नको, माझी तर नकोच. घरात त्या दिवसांत जो कोणी येऊन बसेल त्याला चहा द्यावा आणि काही विचारू नये.

हा सर्व मजकूर मी माझ्या हाताने लिहिला. पुरवणीसह तो मी आज माझ्या घरी दोन्ही साक्षीदारांना सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. त्यांच्यादेखत मी सही केली, माझ्यादेखत त्यांनी केली. अशा जागी ‘साक्षीदारांस मजकूर समजला’ असे लिहायची पद्धत आहे. ते मी लिहिलेले नाही आणि त्यांना विचारलेलेही नाही. वाचत होतो तेव्हा दोघेही मान हलवत होते.

ठिकाण: आगरदांडा, ता. मुरुड, जि. रायगड
तारीख: २३ नोव्हेंबर २०२५

(सही) विश्वंभर त्र्यंबक चौबळ

साक्षीदार
१. (डाव्या अंगठ्याची निशाणी) बुधाजी पांडू वाघमारे, राहणार आगरदांडा
२. (सही) सुचिता विलास दिवेकर, राहणार आगरदांडा